धुक्यातला पाचवा खेळाडू

आदरणीय बेनेडिक्तास दादा,

धाकट्या लिउदासचा नमस्कार. शिकागोत वहिनी, मुलं मजेत असतील, तुमची कंबरही पुन्हा धरली नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. (गाय सोडून. तिचं नेहमीचंच.)

तुम्ही पाठवलेला बास्केटबॉल पोचला. आपण युरोपात पहिले आल्यापासून लिथुएनियात गावागावाला संघ हवा झालाय, म्हणून आम्हीही जवसाच्या कोठाराला पिंपाचं कडं ठोकलं. संघाला पाच लागतात, माणसं मात्र चारच भरली. (पाद्रीबाबा तयार होते, पण त्यांचा पाय झग्यात अडकतो.) पहिल्याच दिवशी माझा नेम चुकून चेंडू दलदलीकडे गेला. धुक्यात कुंपणही दिसेना. आणायला कोणी जायचं यावर आमची जुंपली होती, तेवढ्यात चेंडू धुक्यातून परत आला आणि सरळ कड्यातून खाली पडला. भांडण मिटलं.

मागोमाग एक उंच पोरगा आला. अनवाणी, नखशिखांत ओला. बोलेना. बुजत असेल म्हणून आम्ही त्याला संघात घेतला. तो उडी मारून खाली येतो, तेव्हा पावलांचा आवाज होत नाही, दादा. धुकं विरलं की तो नसतो.

रविवारी दाट धुक्यातच शेजारच्या गावाशी सामना झाला. त्यांच्या कप्तानाने मध्येच खेळ थांबवला. म्हणाला, "ह्याचा हात धरून बघा. मेलेला आहे हा." पंच होते चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मोतिएयुस. त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शांतपणे वाचलं, आणि खेळाडू जिवंत असावा असं कुठेही म्हटलेलं नाही, असा निकाल दिला. आम्ही जिंकलो.

पण कोणी ओरडलं नाही. मोर्ता काकू बाकावरून उठल्या आणि शालीने त्याचं डोकं पुसू लागल्या. "किती उशीर केलास रे, रापोलास," एवढंच म्हणाल्या. तेव्हा आम्हाला कळलं. पंचवीस वर्षांपूर्वी दलदलीत गेलेला त्यांचा मुलगा, होता तेवढ्याच वयाचा. काकू पुसत राहिल्या, डोकं काही कोरडं होईना.

तुमचा,
लिउदास

ता.क. नवा चेंडू नको. हा सुकत नाही, पण चालतो.

आणखी ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. काल रापोलास पहिल्यांदा बोलला. "बेनेडिक्तास कुठाय? दलदलीत माझ्या मागेच तर होता." मी म्हटलं, शिकागोला, समुद्रापलीकडे. "म्हणजे मधे पाणीच ना," म्हणाला, आणि गेला. आज धुकं दाट आहे, पण तो आलेला नाही. पुढचा सामना अवघड आहे, दादा. तुमचं त्याच्याशी जे काही बोलणं व्हायचं असेल ते लवकर उरका आणि त्याला परत पाठवा.