एकट्यानं चढलेला डोंगर

मार्तंड सर,

पिंपळगावच्या पुष्पाबाईचा नमस्कार. ओळख दाखवाल असं वाटत न्हाई, चाळीस वर्षं झाली.

अजिंठ्याच्या डोंगरावरचं तुमचं पुस्तक नातीनं, आकांक्षानं, वाचून दाखवलं. लई हसले. "घनदाट रानातून वाट शोधत मी एकटाच धबधब्यापाशी पोचलो," असं तुम्ही लिहिलंय. मंग तुमची पिशवी काय माकडानं वाहिली? पुढं मी होते, पोटात आकांक्षाचा बाप, आन् तुम्ही मागून "बाई, थांबा" करून राह्यल्ते.

आता नव्या पुस्तकासाठी वरच्या झऱ्याची वाट विचारायला तुम्ही माणूस धाडला. बिचाऱ्याला चहा पाजला, म्हटलं, "बाईमाणसाला डोंगर काय कळतो, बाबा? सरांनाच विचारा, ते एकटे फिरतात."

काल आकांक्षाला घेऊन मीच झऱ्यावर गेल्ते. गुडघे बोंबलले, पण पळस असा पेटलाय की पोरगी खुळ्यासारखी बघतच बसली. दोघी ओंजळीनं पाणी प्यालो. तिला वाट बराबर पाठ झाली. माझं काम झालं.

हे पत्र टाकणार न्हाई. टाकलं तर पुढच्या पुस्तकात हेबी तुम्हीच लिहिलेलं निघंल.

पुष्पाबाई,
इयत्ता दुसरी पास