हरणाचं शिंग

विटा, बुधवार, जानेवारी १९७६

जीव थाऱ्यावर नाही. बोटीवर नोकरीला असलेल्या शंकरनं सोन्याचं नाणं दिलं होतं, कराडला त्याच्या वडिलांकडे पोचवायला. देशोदेशीच्या जनावरांची नाणी जमवतो तो. ह्याच्यावर आफ्रिकेतलं हरीण. सरळ कराडला जायचं सोडून मी विट्यात उतरलो, का तर इथं कुस्त्या होत्या. सोनं गाळणाऱ्या महादूला कौतुकानं नाणं दाखवलं, तर त्यानं हाताच्या सवयीनं ते कसोटीच्या दगडावर घासलं. हरणाच्या शिंगाचं टोक गेलं.

"आरं, हे मोडीचं न्हाई!"

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय? सोनं दिसल्यावर हात थांबतो का आमचा?"

शंकरचे वडील रिटायर हवालदार. आधीच मला उनाड म्हणतात. आता म्हणतील, पोरानं सोनं खरवडलं. पळून जावं का? मग तर चोरच ठरलो.

शेवटी महादूनं आपला दगडच माझ्या हातात दिला. "दाखव त्यास्नी. शिंग हितंच हाय."

काळ्या दगडावर बारीक पिवळी रेघ. रुमालात गुंडाळलाय. मघापासून सारखा उघडून बघत होतो. आता बघायचीही भीती वाटते. शिंग रुमालाला लागलं तर?