भंडाऱ्यानंतरची भांडी

१८ जानेवारी, रविवार
सोसायटीची मीटिंग. माघी गणपतीचा भंडारा पुढच्या रविवारी. यंदा केटरर नाही, सगळं आपणच रांधायचं. मला मेनू हवा होता. सेक्रेटरी सिद्धेश म्हणाला, जयवंतकाका, मेनू कोणीही बघेल, भांडी आणि साफसफाईला मात्र डोकं असलेला माणूस लागतो. मुलगा माणसं ओळखतो.
घरी विनयाला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे भांडी घासायची. बायकांना मॅनेजमेंट समजावणं कठीण.
संकल्प : संध्याकाळपर्यंत सगळं चकाचक. बोळिंज गावात नाव निघालं पाहिजे.

२० जानेवारी
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'स्वच्छता दल'. सगळ्या बिल्डिंगमधल्या कर्त्या पुरुषांना ॲड केलं, शिवाय विनयाला. बरेच जण लगेच लेफ्ट झाले. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. उरलो मी, विनया आणि तळमजल्यावरचा प्लासिड. प्लासिड मूळचा इथलाच. चर्चच्या सणाला अख्ख्या गावाचं जेवण रांधलेला माणूस. त्याने विचारलं, पुऱ्यांचं तेल कुठं ओतनार, भांड्यांना पानी कुठून येनार. मी म्हटलं, सगळं प्लॅनिंगमध्ये आहे.
उद्या प्लॅनिंगला बसतो.

२३ जानेवारी
प्लॅनिंगला बसलो. आभाराचं भाषण लिहून झालं. (आभारप्रदर्शन मी मागून घेतलंय. ज्याच्याकडे शेवटची जबाबदारी, त्यानेच शेवटचं बोलावं.)
विनयाचा गुडघा पुन्हा सुजलाय. म्हणाली, रविवारी मला धरू नका. मी म्हटलं, तू नुसती खुर्चीवर बसून लक्ष ठेव. इतका विचार करणारे नवरे कमी असतात.

२५ जानेवारी, दुपार
मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, शिरा. पंगती उत्तम उठल्या. सगळे जेवून, हात धुऊन, पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेत. वाट बघतोय. तोवर विनया भाताच्या टोपाचं करपलेलं बूड खरवडतेय. तिने आपणहून घेतलं. म्हणजे मी विचारलं, पण ती नाही म्हणाली नाही.

२५ जानेवारी, संध्याकाळ
हॉस्पिटल. विनया पडली. एक्स-रे चालू आहे.

२६ जानेवारी
खुबा मोडलाय. उद्या ऑपरेशन.
नेमकं काय झालं ते लिहून ठेवतो, उगाच गैरसमज नकोत. मी आणि सिद्धेश पुऱ्यांची कढई उतरवत होतो. त्याच्या बाजूने कलली. तेल थंड झालेलं, त्यामुळे धोका काही नव्हता. फरशीवर पसरलं. प्लासिड म्हणाला, आधी यावर भुसा नायतर राख टाका. मी पेपर टाकला आणि म्हटलं, बाकीचं भाषणानंतर. लोक माईकसमोर थांबले होते. काही लोक.
माझं भाषण सुरू झाल्यावर विनया झारे-पळ्या घेऊन मागून आली. तिने बघून चालायला हवं होतं. पेपर दिसत होता.
ती ओरडली नाही. नुसतं, अहो, म्हणाली. मला वाटलं, काहीतरी विचारायचंय. मी हात वर करून थांब म्हणून खूण केली. देणगीदारांची नावं चालू होती, मध्ये तोडता येत नव्हतं.
प्लासिडने उचललं तिला.

२८ जानेवारी
ऑपरेशन व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.
भांडी मांडवात तशीच. टोपात भात आंबलाय, कावळे बसतात. सिद्धेशचा फोन : काका, तुमच्या घरची परिस्थिती कळते, पण वास येतोय. मी म्हटलं, उद्या सकाळी पूर्ण दल घेऊन उतरतो. ग्रुपवर मेसेज टाकला. प्लासिडचा अंगठा आला.

२९ जानेवारी
सकाळी कंबर धरली. ताण असणार.

३१ जानेवारी
डिस्चार्ज. मुलगी आली होती, ऋतिका. तिने रिक्षावाल्याला बोळिंज न सांगता एव्हरशाईन सिटी, म्हणजे तिच्या घरचा पत्ता सांगितला. मी म्हटलं, आईला स्वतःच्या घरीच बरं वाटेल. ऋतिका म्हणाली, बाबा, घरी तिचं कोण करणार. मी म्हटलं, मी आहे ना. विनया रिक्षातून बाहेर बघत होती. विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली, थकलेय हो मी.
ठीक आहे. आठवडाभराचा प्रश्न आहे. जावयाकडे बाई किती दिवस राहील.

३ फेब्रुवारी
प्लासिड आणि त्याच्या बायकोने, रिटाने, काल सगळी भांडी घासली म्हणे. मी गॅलरीतून बघितलं तेव्हा शेवटचा टोप उपडा घालत होते. खाली जाऊन मार्गदर्शन केलं असतं, पण कंबर. ग्रुपवर लिहिलं, 'दलाचे काम यशस्वीरीत्या पूर्ण.' प्लासिड लेफ्ट झाला.

९ फेब्रुवारी
विनयाला रोज फोन करतो. रोज ऋतिका उचलते. आई झोपलीय. आई व्यायाम करतेय. आई अंघोळीला गेलीय. दिनक्रम चांगला लागलाय तिचा. परत आली की इथेही असाच ठेवू.

१५ फेब्रुवारी, रविवार
एव्हरशाईनला गेलो. विनयाला आणायला. रिक्षा खाली थांबवूनच ठेवली होती.
वॉकर घेऊन चालते आता. तिनेच दार उघडलं. ऋतिका बाजारात गेलेली. ओट्याला टेकून तिनेच चहा केला, मी बसून होतो. मी सगळं सांगितलं : बाथरूमला दांडी बसवतो, बाई लावतो, पुढच्या वर्षी साफसफाई घेणार नाही. ती ऐकत होती. म्हटलं, त्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा मला कळलं नाही. ती म्हणाली, तुम्ही बघितलंत माझ्याकडे.
कप उचलून बेसिनकडे निघालो. नळ सोडणार, इतक्यात ती म्हणाली, राहू द्या. तुम्ही गेलात की मी धुते.
कप ठेवला. खाली आलो. रिक्षावाल्याने विचारलं, बाई येतायत ना. मी म्हटलं, चल.