लॅपटॉपचा नंबर आणि खोक्यातली कोंबडी

अकोला, बुधवार

साळेबुवा किशोरराव,

(साळ्याला कोणी राव म्हणत नाही, पण तुमच्यासाठी मुली पाहणं सुरू आहे, कानाला सवय असू द्या.) खुशालराव मिस्त्रीचा रामराम घ्या. आईंचे गुडघे कसे आहेत? तूर फुलावर आली का? सोयाबीनचं मुद्दाम विचारत नाही; घरात दुखणं असलं की रोज रोज तब्येत विचारू नये. हे पत्र डाकेने न धाडता अमरावतीच्या एसटी ड्रायव्हरजवळ देतो आहे. फोन सोडून पत्र का, ते पुढे कळेल.

तर बातमी अशी की गेल्या शनिवारी आमच्या प्राजक्ताचा लॅपटॉप चोरीला गेला. तुम्ही दुपारी येऊन गेलात ना (ताटातली भरली वांगी तशीच टाकून, तुमची बहीण अजून बोलते), त्याच संध्याकाळी. पोरीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सगळं प्रोजेक्ट त्यात, आणि येत्या सोमवारी ते कॉलेजात दाखवलं नाही तर वर्ष गेलं. मी म्हटलं, दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं नाही का? म्हणाली, ठेवलं होतं, पेनड्राईव्हमध्ये. पेनड्राईव्ह कुठे? लॅपटॉपच्या पिशवीत. (विहिरीत पडू नये म्हणून दोर बांधावा आणि दोराचं दुसरं टोक बादलीलाच बांधावं, असं हे शिक्षण.) तेव्हापासून पोरगी धड जेवत नाही.

चौकीत गेलो. डोमाजी जमादारांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मिस्त्री, रंग सांगू नका, सारे लॅपटॉप काळेच असतात. त्याचा हार्डवेअरचा नंबर आणा. बारा अक्षरांचा असते. बैलाच्या पाठीवरच्या डागासारखा, कारखान्यातच लागते." हा नंबर लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेला असतो, असं प्राजक्ता म्हणाली. आम्ही खोकं शोधायला माळ्यावर चढलो, तर तुमची बहीण कौशल्या खालून म्हणाली, की त्या खोक्यात कुरड्या भरून तिने उन्हाळ्यातच माहेरी पाठवल्या. म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? "भाऊजी, त्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली. आता उठवली तर अंडी वाया जातात." मी जमादारांना जसंच्या तसं सांगितलं. ते शेतकऱ्याच्याच घरचे. म्हणाले, "नाही, मंग उठवू नका."

आता उरला घरातला इंटरनेटचा डबा. जे जे यंत्र त्याला जोडलं जातं त्याचा नंबर तो लक्षात ठेवतो. पण आमच्या गल्लीत विरजण मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, तसं मी वाय-फायच्या पासवर्डलाही कोणाला नाही म्हटलं नाही. डबा उघडून पाहतो तर अख्खी गल्ली आत. मग रविवारी सकाळी अंगणात हजेरी घेतली. एकेकाने यावं, आपल्या फोनचा नंबर वाचून दाखवावा, प्राजक्ताने तो खोडावा. जो शेवटी उरेल तो लॅपटॉपचा. शेजारच्या खुर्शीदबी शिलाई मशीन सोडून व्यवस्थेला उभ्या राहिल्या. कोणी अंघोळ करून आलं, कोणी नातेवाईकांसकट, पंचफुलाबाईंनी तर फोनला हळदकुंकू लावून आणलं (सरकारी काम आहे असं त्यांना वाटलं). शेवटी एकाऐवजी दोन नंबर उरले. गल्लीत फोन न आणलेले एकच, नत्थुजी गुरुजी, जे इंटरनेटने पिढी कशी बिघडली यावर दर गणेशोत्सवात भाषण देतात. खुर्शीदबी म्हणाल्या, "गुरुजी, फोन निकालो, नहीं तो चोर में नाम जाएगा." गुरुजींनी धोतराच्या कनवटीतून फोन काढला. आमच्या भिंतीकडची खोली त्यांनी ध्यानासाठी का निवडली, ते त्या दिवशी कळलं.

नंबर मिळाला. नाचत चौकीत नेला. जमादारांनी वाचला, उलटा करून वाचला, आणि विचारलं, "आता याले शोधावं कुठं?" प्राजक्ता म्हणाली, ज्या डब्याला तो लॅपटॉप जोडला जाईल, त्याच डब्याला तो कळतो. जमादार म्हणाले, "म्हणजे जिल्ह्यातल्या साऱ्या डब्यांले विचारत फिरू का मी?" आणि कागद टेबलाच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी ठेवून दिला. तिथे तो सुखात आहे.

आईंना नमस्कार.

तुमचा,
खुशालराव

ता. क. — तुम्ही कोंबडीचं सांगत होता तेव्हा तुमच्यामागे घरघर ऐकू येत होती. मिसरूड फुटल्यापासून मी पाण्याच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरतो आहे, बेअरिंगचा आवाज मला सांगायला नको. प्राजक्ताच्या लॅपटॉपचा पंखा असाच घरघरतो, मध्येच अडखळतो, आणि मग खोकलल्यासारखा सुटतो. कोंबडी असं करत नाही. (तरी मी हजेरी होऊ दिली, कारण गुरुजींवर माझा केव्हाचा संशय होता.) तुमच्या बहिणीला सांगितलेलं नाही. फोनवर बोललो असतो तर तिने ऐकलं असतं. तिच्यापुढे माझे कान म्हणजे बहिऱ्याचे. लॅपटॉप याच ड्रायव्हरजवळ आजच द्या. एसटीत सापडला म्हणून सांगेन. जमादारांचं मी पाहतो.

ता. क. दुसरा — कशासाठी नेला तेही कळलं. काल महादेवराव जळालेली मोटर घेऊन दुकानात आले. आपलं नातं त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, "नांदगाव पेठेकडं पोरगा पाहाले चाललो रविवारी. शेतीवाला आहे, पण लॅपटॉपवर काम करते म्हणते." शेतीवाल्याला मुलगी द्यायची म्हटलं की हल्ली बाप आधी प्यायला पाणी मागतात, हे मला कळतं. पण किशोरराव, त्यांची मुलगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप ती सगळ्यांत आधी उघडेल, आणि पडद्यावर तुमची भाची गॉगल लावून चिखलदऱ्याला उभी आहे.

ता. क. शेवटचा — मी त्यांना खरं ते सांगितलं. साळा आहे माझा, लॅपटॉप-बिपटॉप काही नाही त्याच्याजवळ. पण पोलिसांनी खोकं मागितलं तरी अंड्यांवरची कोंबडी उठवली नाही, असा माणूस आहे. महादेवराव बराच वेळ हसले. घरी जाऊन मुलीला सांगितलं, आणि आज सकाळी त्यांचा फोन आला: पोरगी येते म्हणते, पण तिले आधी कोंबडी पाहायची आहे. तेव्हा खोक्यात कोंबडी खरंच असेल तर ठीकच. नसेल तर रविवारच्या आत बसवा.