शार्कचा आवाज मी काढतो

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (कागदावरच घालतो, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा, मामीचा रक्तदाब आणि दारातलं कुत्रं, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे बरे आहेत. हिच्या मते मी सोडून.

परवा मामीचा फोन आला. म्हणाली, "तुझ्या मामांनी पोहणं सोडलं. टॉवेल घेऊन समुद्रावर जातात, वाळूत बसतात आणि कोरडे घरी येतात." चौतीस वर्षं रोज सकाळी पोहणारा माणूस! कारण विचारलं, तर टीव्हीवरची शार्कची मालिका. मामा, मी हातातला घास ताटात परत ठेवला. कारण त्या मालिकेतला अर्धा शार्क मी आहे.

म्हणजे पोहतो तो खराच. पण त्याचा आवाज मी काढतो. (शार्कला स्वतःचा आवाज नसतो, हे मला या नोकरीत कळलं. तोवर मी त्याला दोन भाग गुरगुरायला लावलं होतं.) आमची खोली बिनखिडकीची, भिंतींना गाद्या, मध्ये पाण्याचा टब आणि कोपऱ्यात भाजी. गाजर मोडलं की माणसाचं बोट, कोबीचा गड्डा पिळला की मांडी. चौथ्या भागात तुम्ही ज्या हल्ल्याला दचकलात, तो कोबी दीड किलोचा होता. मूळ चित्रणात चाळीस मिनिटं तो शार्क डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येतो, ऑफिसात काम नसलेला माणूस हातात फाईल घेऊन फिरतो तसा. जबडा उघडलेला दिसावा म्हणून नावेवरच्या लोकांनी दोन दिवस त्याच्या नाकासमोर माशांची मुंडकी टांगली होती. पाणी लाल झालं तेही त्या मुंडक्यांनीच.

मला खऱ्या शार्कचं कुतूहल वाटायला लागलं ते शास्त्रज्ञ बाईंमुळे. त्या मुलाखतीला आल्या, मी त्यांच्या कॉलरला माइक लावला. सव्वा तास बोलल्या. शार्कला वास कसा लागतो, दुसऱ्याच्या स्नायूंतली बारीकशी वीज कशी कळते, माणूस त्याच्या जेवणात कसा बसत नाही, सगळं सांगितलं. आमच्या साहेबांनी त्यातले चार सेकंद ठेवले: "हो, चावू शकतो." बाई पाणी पीत बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधी चावला का हो?" त्या म्हणाल्या, "एकवीस वर्षांत एकच चावा बसलाय. शेजारच्या बोक्याचा."

मग मला राहवेना. दुपारी साहेब जेवायला गेल्यावर मी पाचव्या भागातल्या शार्कच्या दृश्याखालचे ढोल काढले आणि बासरी घातली. मामा, काय सांगू! तोच शार्क, तेच दात, पण पेन्शनीतले गृहस्थ फिरायला निघाल्यासारखा दिसायला लागला. मग उलटही करून बघितलं. जिन्यातल्या कॅमेऱ्यात साहेब वर येताना दिसतात, त्याखाली ढोल लावले. टायपिस्ट बाई माझ्या मागे उभ्या होत्या, त्या किंचाळल्या. (साहेबांच्या हातात फक्त छत्री होती.)

इथवर सगळं शास्त्रीय होतं. पण घोळ असा झाला, की पाठवताना बासरीचीच प्रत गेली आणि पाचवा भाग तसाच लागला. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. निम्म्यांना झोप लागली होती. एका गृहस्थांनी, शार्क घरी पाळता येईल का, असं विचारलं. साहेबांनी मला बोलावलं. "हा शार्क आहे की गाय?" मी म्हटलं, "साहेब, तेच तर बघत होतो." त्यांनी मला शार्कवरून काढून गांडुळांवर टाकलं. तिथे मात्र ढोल हवेत, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

मला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्यामुळे तुम्ही वाळूत कोरडे बसलात, हे मनातून जात नाही. कोबी पिळताना पलीकडे कोण बघत असेल, हा विचार मी सात वर्षांत एकदाही केला नव्हता. म्हणून एक करा. चौथा भाग पुन्हा लागेल तेव्हा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि नुसतं बघा. किती सुंदर वळतो तो, मामा! मलाही आधी दिसलं नव्हतं.

मामीला नमस्कार, कुत्र्याला थोपटा.

तुमचा भाचा

ता. क. शास्त्रज्ञ बाईंना बासरी आवडली. पाण्याखालचे खरे आवाज टिपायला त्यांनी मला नावेवर बोलावलंय. "पोहता येतं ना?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामांनी शिकवलंय." तेव्हा रविवारी येतो. बारा दिवसांत शिकवा.

पुन्हा ता. क. आपल्या किनाऱ्यावर भिण्यासारखं काहीही नाही, हे वर सविस्तर लिहिलंच आहे. तरी पहिल्या दिवशी पाण्यात आधी तुम्ही उतरा. मी वाळूवरून लक्ष ठेवतो.