पायाखालचं खोकं

आबा, आज शिरूरच्या स्टुडिओतून मी दादाकडं केंदूरला गेलेच न्हाई. तशीच कासुर्डीला घरी आले. दादाच्या नव्या घराची वास्तुशांत हाय. तिथं भिंतीला आपला जुना फोटो मोठा करून लावायचा म्हणून त्यानंच मला धाडलं होतं. आपला तो एकुलता एक फोटो. तुम्ही खुर्चीत, धाकटा दादा तुमच्या गुडघ्याशी, मागं आई, आन् तिच्या बाजूला आईचंच पातळ नेसून मी. माझं लहानपण म्हणून आजवर मी तोच दाखवत आले.

स्टुडिओवाल्यानं तो कम्प्युटरवर मोठा केला आन् म्हणाला, "मावशी, ह्या बाईच्या पायाखालचं खोकं पुसून टाकू का?"

"बाई कुठली? मी हाय ती. बारा वर्षांची."

"मग सोयरिकीसाठी काढला असंल. पोरगी थोराड दिसावी म्हणून करायचे तसं."

तो सहज बोलला. मी पडद्याजवळ वाकले. पातळाच्या काठाखाली लाकडाचा कोपरा दिसत होता.

मी ते खोकं विसरलेच होते. आता सगळं समोर दिसतंय. तुम्ही साबणाचं खोकं सरकवता, म्हणता, "चढ गं, बघू आईपेक्षा उंच व्हतीस का." आई खाली बसून निऱ्या ओढते, खोकं झाकते. ती हसत न्हाई. मी हसतेय. मला वाटतंय, कधी न्हाई ते आबा माझ्याशी खेळतायत.

त्याच उन्हाळ्यात लग्न. तुम्ही म्हणालात, "औंदाच लगीन पायजे म्हणून पाहुणेच अडून बसले, पोरी. माझा इलाज चालंना." मी खरं मानलं. सासूबाईंनी मला लग्नाआधी पाहिलं ते फोटोतच. उंबऱ्यातच म्हणाल्या, "फोटोतली यष्टीत विसरली का काय? ही तर अजून परकरातली हाय." पुढं फळीवरच्या डब्याला माझा हात पुरला न्हाई, की त्यांचं सुरू, "आम्हाला सोळाची सांगितली व्हती!" मीबी कमी न्हाई. तोंडावर सुनवायचे, "माझे आबा खोटं बोलत न्हाईत. जीभ झडंल तुमची." जन्मभर त्या माऊलीला खोटारडी म्हणले मी. त्या गेल्या. तुम्ही तर त्यांच्याही कितीतरी आधी गेलात. आता कुणाशी भांडू?

स्टुडिओवाल्याला सांगून आलेय, खोक्याला हात लावायचा न्हाई. दादा चिडला तर चिडू दे. आल्यागेल्याला दिसू दे.

हा कागद कुठं टाकायचा, मला ठाऊक न्हाई. दिवाळीला चूल पेटवताना सापडला तर जाळीन. पण एक सांगायचं ऱ्हायलं. ते फोटोत दिसत न्हाई, पातळाखाली झाकलंय. खोक्यावर चढूनबी मी टाचा उचलल्या होत्या. ते तुम्ही सांगितलं नव्हतं.