चादरी धुताना मी किती पोहले

प्रिय ठकू,

चादरी टबात भिजत होत्या. मी बुटक्या स्टुलावर बसून एकेक चादर घुसळत होते. हात पुढे ढकलायचा, मागे ओढायचा, परत पुढे. गॅसवर दूध होतं, म्हणून एक कान स्वयंपाकघराकडे. मध्येच उठून गॅस बंद केला, परत येऊन बसले, उशांचे अभ्रे त्याच पाण्यात टाकले आणि पुन्हा हात चालवायला लागले, तेवढ्यात मनगट थरथरलं. वाटलं, मुंग्या आल्या. बघते तर तुझ्या लेकीचं, आपल्या बेडकीचं घड्याळ. फेस पुसला, चष्मा शोधला आणि वाचलं. घड्याळानं माझं अभिनंदन केलं होतं. मी म्हणे आज उत्तम पोहले होते आणि भरपूर कॅलरी जाळल्या होत्या! मी, जी उभ्या जन्मात घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली नाही. एकटीच बाथरूममध्ये खुदखुदले. तुझे बाबा असते तर त्यांनी बाहेरून नक्की विचारलं असतं, "काय गं, पलीकडच्या काठाला पोचलीस का?"

मग तुझा निरोप आला. "वा! आज बेडकीचे हात मस्त चाललेत. संध्याकाळी एक अंडं दिलंस तरी चालेल." तो मी दोनदा वाचला. माझं हसू तिथल्या तिथं वाळलं. वाढत्या वयाच्या पोरीला एक अंडं मिळणार, कारण तिच्या आजीनं चादरी धुतल्या. मला त्या टबातल्या पाण्याचीसुद्धा किळस आली, ठकू. चादरी तशाच सोडून मी उठले.

घड्याळ माझ्या हातात कसं आलं, ते सांगते. त्या सकाळी बेडकीच्या पोटात दुखत होतं, पोहायच्या तलावावर जाववत नव्हतं. ती घड्याळ घेऊन माझ्यापाशी आली. "आजी, तू काम करताना हे घालशील? मी पोहण्याचं बटण दाबून देते. आकडे रिकामे दिसले की आईचा फोन येतो." मला तो पोरखेळ वाटला. म्हटलं, घाल बाई.

शुक्रवारपासून तू विचारते आहेस, घड्याळ बंद का, चार्ज का करत नाहीस, बेडकी पोहायला गेली का. मी "सगळं ठीक" एवढंच कळवलं. ठीक नव्हतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. माझं "अगं ऐक" होईपर्यंत तुझी मीटिंग सुरू झालेली असते. म्हणून कागदावर लिहितेय. पानांचे फोटो काढून पाठवीन. कागदाला मध्येच तोडता येत नाही. घड्याळ मी बंद करून कपाटात ठेवलं आहे, ते बिघडलेलं नाही.

जावईबापू बोटीवर, तू कंपनीच्या कामाला दोन महिने परदेशी, म्हणून बेडकी माझ्याकडे आली. तू जाताना मला सगळं समजावून गेलीस. घड्याळ तुझ्या फोनवर जेवढ्या कॅलरी दाखवील, त्या हिशेबानं तू तिकडून कळवणार आणि मी तेवढंच ताटात वाढणार. भात वाटीनं मोजायचा, दूध साय काढून, केळं अर्धं. अर्धं केळं देऊन उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, ते तू सांगितलं नव्हतंस. ते मी खायचे, तिच्या देखत. पहिल्या आठवड्यात ती बघायची. नंतर तिनं बघायचं सोडून दिलं, आणि मला ते जास्त लागलं.

तिचा पोहण्याचा पोशाख ढगळ झाला, पाणी भरतं म्हणून पोहायला शिकवणारे सर ओरडले. मी बाबांच्या मशीनवर तो दोन्ही बाजूंनी आत घेतला. पंधरा दिवसांनी परत घेतला. आपल्या दुकानात मुलांचे कपडे शिवताना बाबा शिवणीत किती माया ठेवायचे, आठवतं ना? पुढच्या वर्षी उसवून सोडता यावं म्हणून. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, कापड फुकट घालवता. बाबा म्हणायचे, "पोर आहे, वाढणार आहे, मी काय पुतळ्याला शिवतोय?" त्यांच्या मशीनवर बसून मी त्यांच्या नातीचे कपडे उलटे, आतल्या बाजूला शिवत होते. पायाखाली मशीनची पट्टी चालतच होती.

मी तलावावर रोज तिच्याबरोबर जायचे. पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसायचे, पण वाचन कसलं होतंय? तुझे ते सर पोरींना ओल्या अंगानं वजनकाट्यावर उभं करतात आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचतात. एका मुलीला म्हणाले, "काल केक होता वाटतं घरी?" बाकीच्या हसल्या. हसल्या नसत्या तर पुढचा नंबर त्यांचाच होता. बेडकीचे पाय कच्चे आहेत म्हणून त्यांनी तिला महिनाभर एक दिवसाआड फळी दिली. दोन्ही हातांनी फळी धरायची आणि फक्त पाय मारत जायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी पोहणारी नाही, पण डोळे आहेत मला. फळीच्या दिवशी ती बाहेर आली की तिच्या मांड्या थरथरत असायच्या, जिना चढताना कठडा धरायची. आणि नेमक्या त्याच दिवशी तुझा निरोप यायचा, "आज कंटाळा केलेला दिसतोय हिनं. रात्री भात नको."

तुला माहीत आहे, मला छापलेलं काही दिसलं की मी वाचत सुटते, औषधाच्या डबीतला कागदसुद्धा. शाळा चौथीत सुटली तरी वाचायचं सुटलं नाही. घड्याळाची माहितीपुस्तिका तू खोक्यातच ठेवून दिली होतीस, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी भिंग घेऊन वाचली. घड्याळ हाताच्या हालचालीवरून पोहणं ओळखतं, हात फळीवर स्थिर असतील तर ते अंतर मोजलं जात नाही, कॅलरींचा आकडा अंदाजे असतो, असं त्यांनीच छापलंय. म्हणजे पोर जिवाच्या आकांतानं पाय मारते तेव्हा घड्याळ समजतं ती आराम करतेय. आणि मी चादर घुसळते तेव्हा ते समजतं मी पोहतेय. त्या बिचाऱ्या यंत्राचा मला राग नाही. ते अंदाज करतं आणि तसं सांगतंही. अंदाजावर पोरीचं ताट कुणी ठेवलं?

मी सरांना जाऊन सांगितलं. ते हसले. "आजी, माणूस खोटं बोलतो, आकडे बोलत नाहीत." तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "आई प्लीज, तुला यातलं कळत नाही. स्पर्धेची निवड चाचणी तोंडावर आली आहे." त्या रात्रीही मी भात वाटीनंच मोजला.

मग एका दुपारी मी कपडे घेऊन खोलीत गेले. बेडकी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. फळीचाच दिवस होता तो, दमून येऊन आडवी व्हायला हवी होती. ती उभ्यानं हात फिरवत होती. एक हात वर, मग खाली, दुसरा हात वर. मान डावीकडे वळवून श्वाससुद्धा घेत होती, पाण्यात घ्यावा तसा. म्हटलं, "अगं, काय चाललंय हे?" हात न थांबवता म्हणाली, "आजी, सकाळी मी पोहले ते या घड्याळाला दिसलंच नाही. म्हणून आता परत दाखवतेय." रडत नव्हती. नळ बंद करते म्हणावं, इतक्या सहज सांगितलं तिनं. आई उठायच्या आत आकडे भरायला हवेत, तिकडे आता सकाळ होईल, हा हिशेब तिला तोंडपाठ होता.

मी तिचा हात धरून खाली घेतला. पट्ट्याला कंपनीनं दिलेली भोकं संपली होती आणि पुढे एक नवं, वेडंवाकडं भोक होतं. तिनं कंपासच्या टोकानं पाडलेलं. मी तशीच पलंगावर बसले. शेवटच्या महिन्यांत बाबांच्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा त्यांचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. आपल्या त्या जुन्या चावीच्या घड्याळाचं म्हणतेय. ते म्हणायचे, "बघ, बांगडी घातलीय तुझ्या नवऱ्यानं." मी हसायचे, आणि मोरीत जाऊन उभी राहायचे. तेव्हा मी रोज वाट बघायचे की आज एक घास जास्त जाईल. डॉक्टर, औषधं, पेज, सूप, काय काय केलं. जात नव्हता. आणि इथं घास जात होता, पोर भुकेली होती, आणि आपण दोघी मिळून तो अडवत होतो. असं मनगट मी एकदा हातात धरलं आहे, ठकू. परत धरायची माझी तयारी नाही.

तू हे का करतेस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. शाळेत तुला मुली "गादी" म्हणायच्या. तू दप्तर पोटाशी धरून घरी यायचीस. तुझा पोहण्याचा तास असला की तुझं डोकं दुखायचं, बाबा चिठ्ठी लिहून द्यायचे आणि कुणालाही काही विचारायचे नाहीत. तुझ्या लेकीला कुणी तसं म्हणू नये म्हणून तू आधीच पहारा बसवलास. पण त्या मुलींची जागा आता तूच घेतली आहेस. हे वाक्य मी खोडून परत लिहिलंय. खोडायचं नाही असं ठरवलं.

शुक्रवारी परत फळी होती. बेडकी काठाशी आली, फळी वर टाकली, दोन्ही हात काठावर ठेवले आणि तशीच राहिली. वर येईना. मी हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही. ओठ निळे. कपडे बदलायच्या खोलीवरची बाई धावली, तिनं काखेत हात घालून तिला वर ओढलं, आम्ही बाकावर आडवं केलं. मी तिचे तळवे चोळत होते, तेवढ्यात ते मनगट थरथरलं. मला वाटलं, पोरीला झटका आला. घड्याळ होतं. "बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं फिरा." आणि सर आले, त्यांनी पोरीच्या तोंडाकडे न बघता आधी तो हात उलटा करून आकडा बघितला. "आज तर हिनं काहीच केलेलं नाही. मग दमली कशानं?" ती बाई म्हणाली, "अहो, जरा पोरीकडे बघा ना!" मी घड्याळ काढलं, बटण दाबून धरलं, बंद केलं. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

घरी येऊन तिला भात आणि दोन अंडी दिली. तिनं विचारलं, "आईला विचारलंस?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलीन. दुसरं अंडं तिनं इतकं हळू खाल्लं, की कुणी येऊन काढून घेईल असं वाटत असावं तिला.

हे पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. उद्या-परवा तुला इथल्या दवाखान्यातून फोन येईल. तो आला की तू चिडशील, मग घाबरशील, मग मला विचारशील, "आई, तू माझ्या पाठीमागे हे काय केलंस?" म्हणून परक्या तोंडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐक. तिला पूर्वीसारखं पोटभर खाता आणि कठडा न धरता जिना चढता येईपर्यंत ती माझ्याजवळ राहील, आणि तूही ये. तू माझी लेक आहेस, तुझ्यासाठी मी कुणाशीही भांडले असते. शनिवारी सकाळी मी तिला तलावावर नेलं नाही, दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, बाहेर बसायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. विचारलं, "आजी, या मुलीनं किती खायचं, हे घरात कोण ठरवतं?" मी तुझं नाव सांगितलं.

तुझीच,
आई